लांबतोंडीची दमणी

पुण्याहून आलेले प्रभाकरराव चिंधू थूलाला खुनी म्हणाले. म्हणाले तेही त्याच्याच अंगणात, त्याच्याच बाजेवर बसून, त्याच्याच बायकोनं केलेल्या चहाची बशी हातात धरून. खून कोणाचा, तर एका मोटारीचा. माणूस मेला तर ज्यांच्या डोळ्याला पाणी येत नाही, त्यांचा मोटारीसाठी गळा दाटून येतो, हे आमच्या पिंपळधरी गावानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

चिंधू पुलगावच्या मिलमध्ये फिटरच्या हाताखाली होता. गाव ते मिल सायकलनं जायचं, तेलकट होऊन यायचं, मग दोन एकरांच्या तुकड्यात मरायचं. उंच, हडकुळा माणूस, बोलताना हातवारे इतके की शेजारच्याला सरकून बसावं लागे. दारू नाही, जुगार नाही. एक खोड होती. कोणतीही मोडकी वस्तू दिसली की ती उचलून घरी आणायची आणि तिच्यातून भलतंच काहीतरी करायचं. मिलमधल्या फुटक्या पिपाचा त्यानं पाळणा केला होता. मीराबाई, त्याची बायको, म्हणायची की ह्या माणसानं मले पाहाले आला तवाबी मोडकीच समजून पसंत केली असन.

आता त्या मोटारीचं. गावाच्या शिवेवर एक कापसाचं जिनिंग होतं. त्याच्या मालकाचा धाकटा पोरगा इंग्रजाच्या राज्यात विलायतेला शिकायला गेला होता. शिक्षण तिकडेच ठेवून तो मोटार घेऊन आला. दोनच माणसं बसतील एवढी जागा, आणि पुढे तोंड मात्र एवढं लांब की मोटार पाराजवळ आली तरी पोरगा अजून वळणावरच. गावानं तिचं नाव लांबतोंडी ठेवलं. पोरगं आर्वीच्या रस्त्यावर धूळ उडवत फिरलं, दोन बकऱ्या चिरडल्या, एक बांध मोडला, आणि मग मुंबईला निघून गेलं ते परत आलंच नाही. लांबतोंडी जिनिंगच्या शेडात पडली. तिच्यावर सरकीची पोती चढली. पोत्यांखाली उंदरांचे संसार झाले. बहात्तरच्या दुष्काळात अण्णाजी पाटलांनी मालकाच्या दिवाणजीला विचारून तिचं इंजिन काढून नेलं आणि विहिरीवर पाणी ओढायला बसवलं. पुढे जिनिंगच बंद पडलं. शेडातलं लोखंड पुलगावच्या भंगारवाल्यानं घेतलं. त्यानं मोटारीचा उरलेला सांगाडा वजन करून बाजूला टाकला, तो चिंधूनं त्याला विचारून उचलून आणला. उघड्यावर, गावादेखत, दोन बैलबंड्या जोडून.

चिंधूनं तो का आणला हे सांगायचं तर एक वर्ष मागे जावं लागतं, आणि तिथं गेलं की टाळकं फिरतं.

त्याची धाकटी बहीण कोकिळा हिचं लग्न देवळीला ठरलं होतं. आमच्याकडे नवरी सासरी जाते ती दमणीत. दमणी म्हणजे हलकी, वरून झाकलेली बैलगाडी. शेणखत वाहायच्या बंडीत नवरी बसवत नाहीत, तो अपमान समजतात. चिंधूच्या वस्तीत, बौद्धपुऱ्यात, दमणी कोणाकडेच नव्हती. गावात ती अण्णाजींकडे होती. चिंधू दोनदा वाड्यावर जाऊन आला. दोन्ही वेळा अण्णाजी गोड बोलले, नेजो म्हणाले, बैलांना झुली घालून देतो म्हणाले. लग्नाच्या दिवशी सकाळी गडी निरोप घेऊन आला की दमणीचा आस तडकला आहे. आस तडकू शकतो, लाकूडच आहे ते. पण दुपारी तीच दमणी, तोच आस, अण्णाजींच्या मुनिमाला घेऊन पुलगावच्या बाजारात उभी असलेली अर्ध्या बौद्धपुऱ्यानं पाहिली. कोकिळा पांढऱ्या साडीत, सकाळी खत टाकून आलेल्या बंडीत बसून सासरी गेली. बंडी धुतली होती. पण बंडी कितीही धुतली तरी तिचा वास जातो का? देवळीच्या बायकांनी नाकाला पदर लावले, ते कोकिळा अजूनही सांगते.

 त्या दिवशी वरण-बट्टीचं जेवण होतं, चिंधूनं त्याला हात लावला नाही. अण्णाजी दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटले आणि त्यांनीच विचारलं, "लग्न नीट झालं ना रे?" विचारण्यात काही कमी नव्हतं. आमच्या गावात अपमान नेहमी चौकशी करून जातो.

म्हणून सांगाडा आला. लोहाराच्या भात्याशी, मिलच्या सुट्टीच्या दिवशी, उन्हाळाभर चिंधूचं काम चाललं. मागची दोन चाकं त्यानं ठेवली, ती तारांच्या आऱ्यांची, पातळ, रानात उन्हात चमकणारी. बसायची कातडी गादी ठेवली. जिथं ती फाटली होती तिथं चांभाराकडून चपलेच्या कातड्याची ठिगळं लावून घेतली. सागाची दांडी घातली, जू बसवलं, वर बांबूच्या कमच्यांचा मांडव. एवढं झाल्यावर लांब तोंड उरलं. पुढे तर बैल यायचे. टाकून देणं चिंधूच्या रक्तात नव्हतं. त्यानं तोंड उलटं करून मागे जोडलं. इंजिन नसल्यानं ते आतून पोकळ होतं, वरचा पत्रा हलका. नवरीचं सामान, भांडी, गाद्या, पिठाचा डबा, सगळं त्या तोंडात जायचं. म्हणजे दमणी पुढे चालली की लांबतोंडी मागे बघत राहायची. दोन्ही दिव्यांच्या काचा होत्या तशाच ठेवल्या. आत तेलाची चिमणी लावली की मागून येणाऱ्याला दोन पिवळे डोळे दिसायचे.

गाव हसलं. बैल इकडे, तोंड तिकडे, चिंधू मधात, असं पोरं ओरडायची. चिंधूही हसायचा. म्हणायचा, "आपल्याले मांगंच पाहून चालाव लागते बाप्पा, पुढून त मारनारा दिसतेच."

पहिली नवरी निघाली तेव्हा हसणं थांबलं. बौद्धपुऱ्यातून सडकेला जायची वाट मारुतीच्या पारावरून जाते. वाटेत बोरीच्या फांद्या पसरलेल्या होत्या, काटे वर करून. कोणी पसरल्या ते सगळ्यांना माहीत होतं, आणि पारावर बसलेल्यांच्या तोंडावर ते लिहिलेलंच होतं. रबरी टायर, काटा लागला की बसले म्हणायचे. पण त्या मापाच्या ट्यूबा हिंदुस्थानात मिळत नव्हत्या. चिंधूनं टायरांत हवा भरलीच नव्हती, मिलमधला वाया गेलेला सुताचा गुंता ठासून भरला होता. चाकं काट्यांवरून कुरकुर करत गेली. पारावरचा एकजण दुसऱ्याला म्हणाला, "काऊन बे, फुटली नाई?" नवरीनं मांडवातून मान बाहेर काढून पाराकडे पाहिलं. तिची आई तिला आत ओढत होती, पण तिनं पाहिलंच.

त्यानंतर त्या दमणीत कोण बसलं नाही ते विचारा. पुऱ्यातल्या सगळ्या नवऱ्या बसल्या. सेवाग्रामच्या दवाखान्यात डोळे दाखवायला जाणारे म्हातारे बसले. ती गादी लोण्यासारखी होती. खालच्या पोलादी पट्ट्या खड्ड्यात दबायच्या आणि अंगाला दणका लागू द्यायच्या नाहीत. ही गोष्ट हळूहळू गावठाणातही पोचली. चिंधूनं कोणालाच नाही म्हटलं नाही. भाडं घ्यायचा, ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून, आणि रुबाब सगळ्यांना सारखाच दाखवायचा.

भाद्रपदात एकदा अण्णाजींची सून शकुबाई अडली. सुईणीनं हात टेकले. रस्ता म्हणजे नुसता गारा-चिखल, पुलगावहून जीप यायला तयार नाही, आणि अण्णाजींच्या दमणीत त्या बाईला बसवलं तर दणक्यानंच मेली असती. वाड्यावरचा गडी पळत बौद्धपुऱ्यात आला. चिंधूनं जेवणाचं ताट सरकवलं आणि बैल जुंपले. नदीच्या अलीकडे, सडक लागायच्या आत, शकुबाई त्या कातडी गादीवर बाळंत झाली. मीराबाई सोबत होती, तिनं नाळ बांधली. अण्णाजींचा नातू लांबतोंडीत जन्मला. वाड्यावर पेढे वाटले गेले. चिंधूच्या घरी गड्याच्या हातून आले, कागदाच्या पुडीत, दाराबाहेरून.

बरं, पेढे आले. तेवढ्यावर चिंधू खूष होता. मी नसतो.

आणि मग चौऱ्याऐंशी सालच्या हिवाळ्यात प्रभाकरराव आले. त्यांना जुन्या मोटारींचा नाद होता. नाद हा शब्द त्यांना आवडायचा नाही, ते अभ्यास म्हणत. त्यांच्याकडे पुण्यात अशा पाच-सहा होत्या, त्यांच्यासाठी वेगळं घर बांधलं होतं. जिनिंगवाल्यांच्या कोणा नातेवाइकाकडून त्यांना कळलं की लांबतोंडी ह्या गावात राहिली. त्या जातीच्या मोटारी मुळातच बोटांवर मोजण्याइतक्या झाल्या होत्या म्हणे, आणि आपल्या देशात ही एकच. आधी ते वाड्यावर गेले. विहिरीवर वीज आल्यापासून इंजिन गोठ्यात पडलं होतं, त्यावर कोंबडी अंड्यांवर बसली होती. प्रभाकररावांनी स्वतःच्या हातानं कोंबडी उठवली आणि रुमालानं इंजिन पुसलं. अण्णाजींना त्या लोखंडाचा भाव ऐकून चक्कर यायची बाकी राहिली. पण प्रभाकररावांची अट होती. नुसतं इंजिन कामाचं नाही. सांगाडा मिळाला तर इंजिन, नाहीतर काहीच नको.

तेव्हापासून अण्णाजींना बौद्धपुऱ्याची वाट सापडली. इतकी वर्षं सापडली नव्हती.

त्यांनीच प्रभाकररावांना चिंधूकडे आणलं. दमणी अंगणात उभी होती, तोंडात ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या भरलेल्या. प्रभाकररावांनी आधी ओळखलंच नाही. ओळखलं तेव्हा खाली बसले. त्या पत्र्यावरून हात फिरवत राहिले, चपलेच्या ठिगळांवर बोट ठेवून डोळे मिटले. मीराबाईला वाटलं माणसाला भोवळ आली, म्हणून तिनं चहा टाकला. चहा पिता पिता ते म्हणाले, "हा खून आहे. तुम्हाला कल्पना नाही तुम्ही कशाचा खून केलात."

चिंधूला काही वेळ कळलंच नाही की हे त्याला उद्देशून आहे.

मग त्यांनी देणं सांगितलं. रोख आकडा नाही, एक जीप. चालू, कागदपत्रांसकट, नव्या टायरांची. पुण्याहून दारात आणून देतो म्हणाले.  चिंधूची पोरगी कांता, जिचं लग्न येत्या वैशाखात होतं, दारात उभी होती. जीप म्हणजे थट्टा नव्हती. जीप असली तर बौद्धपुऱ्यातला आजारी माणूस दवाखान्यात तासाभरात पोचणार होता, पावसात अडून राहणार नव्हता. मीराबाईनं आतून कुजबुजत चिंधूला सांगितलं की हो म्हणून मोकळा हो, असा येडा माणूस पुन्हा यायचा नाही.

चिंधूलाही पटलं होतं. तो हो म्हणणारच होता. पण एवढी जपलेली वस्तू जाणार, तर कुठं जाणार हे विचारायची त्याला हौस.

"पुन्याले नेऊन काय करसान जी हिचं?"

प्रभाकररावांचा चेहरा उजळला. इंजिन बसवणार, तोंड पुन्हा पुढे येणार, विलायतेहून रंग मागवणार, मऊ कापडाची झूल शिवून घेणार.

"अन मंग कोन बसन तिच्यात?"

"बसण्यासाठी नसते हो अशी गाडी. वर्षातून एकदा बाहेर काढायची, तेव्हा मी चालवतो. माझी बायकोसुद्धा बसत नाही. चपलांची धूळ, घाम... मी कोणाला हात लावू देत नाही तिला."

चिंधूचे हात एरवी बोलताना हलायचे, ते थांबले. हे वाक्य त्याच्या ओळखीचं होतं. विहिरीपाशी ऐकलेलं, शाळेतल्या माठापाशी ऐकलेलं, त्याच्या बापानं ऐकलेलं. फक्त मोटारीसाठी पहिल्यांदा ऐकलं.

"साहेब," तो म्हणाला, "हात नोका लावू म्हननारे आमाले इथंच लय भेटले. त्याच्यासाठी पुन्याहून याची गरज नोती."

प्रभाकररावांना वाटलं भाव वाढवायचा आहे. त्यांनी जीपसोबत ट्रेलर देऊ केला. ह्या माणसाची मोठी अडचण हीच होती, की प्रत्येक नकाराच्या पोटात त्याला किंमतच दिसायची. चिंधू उठून बैलांना पाणी दाखवायला गेला.

अण्णाजींनी मग गोडीनं सांगून पाहिलं. मग चिंधूच्या तुकड्याकडे जाणाऱ्या धुऱ्यावर, बांधाच्या वाटेवर, काट्या टाकल्या. चिंधू लांबून फिरून जाऊ लागला. मीराबाईची मात्र घरात धुसफूस चालूच. तिला जीप हवी होती आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नवरा तत्त्वानं वागतो तेव्हा त्याचा खर्च कोण सोसतं, हे त्याच्या बायकोला विचारावं. ती म्हणायची, तुया बहिनीचं झालं थे झालं, आता पोरीचं पाह्य.

हे असं चाललं असताना एका दुपारी, चिंधू मिलमध्ये पहिल्या पाळीवर असताना, ट्रक आला. मागे प्रभाकररावांची फियाट, तिच्यात अण्णाजी. ट्रकमध्ये वर्ध्याहून आणलेले चार हमाल, दोरखंड, गोणपाटं. अण्णाजींनी अंगणात उभं राहून जाहीर केलं की जिनिंगवाल्या मालकाच्या पुतण्याचं म्हणणं आहे, मोटार भंगारात विकलीच नव्हती, फक्त शेडातलं लोखंड विकलं होतं. पुतण्यानं ती आता साहेबांना दिली. तरी साहेबांचं मन मोठं, ते जीपचं बघतीलच. चिंधू नाही ते बरंच आहे, उगाच तमाशा होईल. कोणत्या दुकानात हा असला न्याय मिळतो देव जाणे, पण अण्णाजींच्या खिशात तो नेहमी सुटा असायचा. इंजिन त्यांनी स्वतः काढून नेलं, विहिरीवर झिजवलं, आता विकायला काढलं. ते कसं त्यांचं झालं, हे पुतण्यानं विचारलं नव्हतं.

हमाल पुढे झाले. मीराबाई शेणाचे हात धुवत होती. ती उठली, ओल्या हातांनीच दमणीत चढली आणि गादीवर मांडी घालून बसली.

अण्णाजी समजुतीनं म्हणाले, "मीराबाई, तूच त म्हनत होती ना देऊन टाका म्हनून."

"म्हनत होती. देनं अलग अन नेनं अलग, पाटीलबुवा."

तिनं कांताला हाक मारली. कांता चढली. मग शेजारची भागीरथा, हातात पोर घेऊन. मग आणखी दोघी-तिघी. दोघांच्या जागेत सहाजणी, आणि एक म्हातारी मागच्या तोंडावर, पाय दिव्यांवर सोडून. प्रभाकरराव कळवळून पुढे धावले. तिथं बसू नका, पत्रा दबेल म्हणाले. म्हातारीनं आणखी ऐसपैस बूड टेकलं. हमाल हसू दाबून बाजूला झाले. बायांसकट गाडी उचलायचं कोणी सांगितलं नव्हतं, आणि बायांना उतरवायला हात लावायचं त्यांच्यात धाडस नव्हतं. खरं तर त्यांच्यातल्या एकानं मीराबाईला हळूच जय भीम केला.

उन्हं उतरेपर्यंत हे चाललं. प्रभाकरराव आळीपाळीनं घड्याळ पाहत आणि पत्रा पाहत. वाड्याच्या माडीवरून शकुबाई बघत होती, कडेला तिचा पोरगा. ती खिडकीतून हलली नाही. खालीही आली नाही. बरंच झालं असतं आली असती तर.

चिंधू सायकलवरून आला. ट्रक, फियाट, हमाल, गादीवर बायांचा गठ्ठा, हे सगळं पाहून त्याला सांगायला कोणाची गरज पडली नाही. त्यानं सायकल भिंतीला टेकवली. अण्णाजी बोलू लागले, पुतण्या, मालकी, समजूतदारपणा. चिंधूनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मीराबाईला विचारलं, "कवापासून बसून हाये?"

"तू गेला तवापासून समज. पाय मुंग्यानं भरले. आता उतराव म्हनते."

"नोको उतरू."

त्यानं गोठ्यातून बैल सोडले, दांडीला आणले, जू मानेवर टाकलं. भागीरथा म्हणाली, चिंधूभाऊ, सडकेपर्यंत फिरवून आना आमाले, बसून बसून कंटाळलो. मागच्या म्हातारीनं ह्या वयात पडायची हौस नाही म्हणून दिव्याची कड घट्ट धरली. चिंधूनं कासरा हलवला.

बौद्धपुऱ्यातून सडकेला जायची वाट एकच, आणि ती अरुंद. दमणी पुढे निघाली. प्रभाकररावांना गावात थांबायचं कारण उरलं नव्हतं, तेव्हा मागे अण्णाजींना घेऊन फियाट, फियाटच्या मागे रिकामा ट्रक. ज्या मोटारीसाठी ते पुण्याहून आले, तिचं लांब तोंड त्यांच्या काचेसमोर हातभर अंतरावर, त्यावर म्हातारी, तिचे पाय हलताहेत. त्यांनी हॉर्न दिला. मारुतीच्या पाराशी पुन्हा दिला. पारावरची माणसं उठून उभी राहिली. अण्णाजींनी काचेतून मान बाहेर काढून सांगितलं, "चिंध्या, बाजूले घे ना."

चिंधूनं बाजू दिली नाही. बैल त्यांच्या चालीनं चालले होते, आणि आत बाया बोलत होत्या, कांताच्या लग्नात देवळीच्या लोकांना काय वाढायचं ते.